टेन्शन-घेऊ-नकोस-वाले बाबा

मे महिना उजाडला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एक गृहस्थ अचानक हळुवार होतो. एरवी तो बँकेत, महावितरणमध्ये, झेडपीत किंवा हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत कामाला असतो आणि घरात त्याचा आवाज टीव्हीच्या वरचा असतो. पण चिरंजीवांनी किंवा कन्येने एमएचटी-सीईटी दिलेली असते, निकाल जूनच्या मध्याशिवाय येत नाही, आणि या मधल्या काळात पाल्याला मानसिक आधार द्यायचा असतो असं त्याने कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलेलं असतं. तेव्हापासून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य तो सकाळच्या चहाला म्हणतो, ऑफिसला निघताना म्हणतो, दुपारी फोन करून म्हणतो आणि रात्री खोलीच्या दारातून डोकं आत घालून म्हणतो. पोरगं त्या वेळी टेन्शन घेत नसतं, दात घासत असतं. या बाबांची थट्टा करणं सोपं आहे आणि पुढे ती होणारच आहे. पण आधी त्यांच्या बाजूचं सांगून टाकतो. त्यांचा आधार खोटा नसतो, फक्त चुकीच्या जागी लावलेला असतो. जे आता काही केल्या हलणार नाही तिथे ते खांदा लावून उभे राहतात. जे त्यांच्या एका फेरीने हलेल, तिकडे जुलैपर्यंत फिरकत नाहीत.

हलणार नाही ते काय, हे आधी पाहू. सीईटीच्या पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीईटी कक्षाची उत्तरतालिका आली की मुलाने काय टिपलं आणि बरोबर काय होतं हे त्याच्याच लॉगिनमध्ये दिसतं. एखादं उत्तर पटलं नाही तर प्रश्नामागे हजार रुपये भरून आक्षेप घेता येतो. म्हणजे गुण जवळपास कळलेले असतात. कळत नाही ते पर्सेंटाइल. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, आणि पर्सेंटाइल ठरतं ते त्याच सत्रातली किती टक्के मुलं तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवून बसली आहेत त्यावर. हा आकडा दुसऱ्यांच्या पोरांनी काय केलं यावर अवलंबून असल्यामुळे तो घरबसल्या काढता येत नाही. बाबांना हे मान्य नाही. ते तीन वेगवेगळ्या साइटवरच्या पर्सेंटाइल प्रेडिक्टरमध्ये गुण घालतात, तीन वेगळे आकडे येतात, आणि मग ते त्या तिन्हींची सरासरी काढतात. खरा निकाल दशांश चिन्हापुढे सात घरांपर्यंत येतो हे कळल्यावर तर त्यांची सरासरीही सात घरांपर्यंत जाते. गेल्या वर्षी १४० गुणांना किती मिळाले होते याचा तक्ता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतोच. गेल्या वर्षीचं ते सत्र सोपं होतं की अवघड, हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. “तुमची शिफ्ट टफ होती ना?” असं मग ते पोराला विचारतात, आणि ते ‘हो’ म्हणालं की खूश होतात. आपल्या पोराचा पेपर अवघड गेला याचा आनंद झालेला बाप याच मोसमात पाहायला मिळतो.

आता आधार प्रत्यक्षात कसा दिला जातो ते बघा. बाबांनी फर्मान काढलेलं असतं की निकालाचा विषय घरात काढायचा नाही. जेवायला सगळे बसतात, आमरसाची वाटी पुढे येते, चार घास शांततेत जातात. मग बाबा आईला म्हणतात, “मी काय म्हणतो, निकालाचा विषय आपण काढतच नाही आहोत ना?” आई म्हणते, नाही. “नाही म्हणजे, आला की आला. मार्क म्हणजे काही आयुष्य नाही.” पुन्हा शांतता. “आपल्या शिंद्यांचा पोरगा बघा, अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल होते, आज जर्मनीत आहे.” हा जर्मनीतला पोरगा बहुतेक घरांत मेमध्ये अवतरतो आणि निकाल चांगला लागला की त्याचं नाव पुन्हा कुणी काढत नाही. एवढ्यात नाशिकच्या मामाचा फोन येतो. बाबा उठून गॅलरीत जातात, दार लोटून घेतात आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, “त्याच्यासमोर विषय नको म्हणून बाहेर आलोय.” पुढच्या आठवड्यात शेगावला जायचं ठरतं. निकालाचं काही नाही, सहज. पोरगं रस संपवून उठतं. त्याला बाबांची काळजी वाटत असते, पण ती बोलून दाखवायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

यावर कुणी म्हणेल, की पूर्वीचे बाप ‘किती पडले?’ एवढं एकदाच विचारायचे, नाहीतर विचारायचेच नाहीत. त्या दगडांपेक्षा हा बरा. बरा आहेच. शिवाय या बिचाऱ्याला पूर्वीच्या बापापेक्षा वाट फार पाहावी लागते. तेव्हा बारावीचा निकाल लागला की बरंचसं चित्र स्पष्ट व्हायचं. आता जेईई मेनची दोन सत्रं, बारावी, सीईटी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, अंतिम गुणवत्ता यादी आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. दर टप्प्यावर वेगळी धाकधूक. आणि वेळापत्रक शब्दाला जागेल याची खात्री नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रातल्या गणिताच्या प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. बारावीचा निकालही त्याच दिवशी. त्याच्या आदल्या वर्षी नीटचा निकाल १४ जूनला येणार म्हणून जाहीर झालं होतं, तो लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच, ४ जूनला आला. डॉक्टरकीच्या वाटेवरचे असंख्य बाबा त्या संध्याकाळी टीव्हीवर जागांची बेरीज करत बसलेले होते, आणि आधार द्यायची त्यांची सगळी तयारी दहा दिवस पुढची होती. तेव्हा बाबा अस्वस्थ का, हा माझा प्रश्नच नाही. अस्वस्थ माणसाने हाताला काहीतरी काम शोधावं हेही स्वाभाविक आहे. तक्रार एवढीच, की काम समोर पडलेलं असताना ते पोराच्या मनाच्या मागे लागतात.

ते काम तहसील कार्यालयात असतं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस, जात वैधता: ज्याला जे लागू असेल ते. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र येत्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. कपाटातलं जुनं काढून दाखवलं तर चालत नाही, आणि वेळेत नवं नसेल तर ओबीसीतल्या मुलाचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. तिथे जे नुकसान होतं ते पर्सेंटाइलच्या सातव्या घरातलं नसतं, कॉलेज बदलण्याइतकं असतं. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावीतच करून टाकावा असं कॉलेजं ओरडून सांगतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे. तिलाही उत्पन्नाचा कागद लागतो. म्हणजे कन्येच्या उशाशी बसून ‘मी आहे ना’ म्हणणाऱ्या बापाने हे दाखले जिथे मिळतात त्या सेतू केंद्रात एक सकाळ घालवली, तर ‘मी आहे’ हे लाखभर रुपयांच्या हिशेबात सिद्ध होतं. मे महिन्यात तिथे त्यातल्या त्यात गर्दी कमी असते. निकाल लागल्यावर सगळा जिल्हा एकदम उठतो, सर्व्हर झोपतो, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने घालून दिलेली मुदत खिडकीपलीकडच्या माणसाला समजावून सांगण्यात बाबांचा दिवस जातो.

दुसरं काम घरातच असतं आणि ते त्याहून अवघड आहे: पोराला काय शिकायचंय ते ऐकून घेणं. इथे बाबांचे समर्थक हमखास आडवे येतात. “ऐकून घेत नाहीत कसे? त्यांनी एक्सेल केलंय!” केलंय खरं. कॉलेजचा कोड, शाखेचा कोड, तीन वर्षांचे कटऑफ, हिरवा रंग म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे काठावर, लाल म्हणजे दगडूशेठ. वरच्या ओळी पर्सेंटाइल काहीही येवो, पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय यांच्यासाठी राखीव. पहिलं १८५४ चं, दुसरं १८८७ चं, आणि त्या तारखांचाही एक रकाना. मुलाची आवड हा रकाना नाही. आणि हा अभाव नुसता भावनिक नाही, तो नियमांच्या पुस्तकाप्रमाणे महागात पडतो. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. बाबांनी कॉलेजच्या नावाकडे बघून पहिल्या ओळीत मेटलर्जी टाकली आणि पोराला सांगलीत का होईना पण इलेक्ट्रिकल हवं होतं, तर यंत्र बाबांचं ऐकतं. ही गोष्ट निकालानंतर बोलू म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: निकाल आल्यावर बोलणं होत नाही. तेव्हा आकडा बोलतो. अठ्ठ्याण्णव आले तर ‘आता कॉम्प सोडायचं म्हणजे वेडेपणा’, ऐंशी आले तर ‘आता तुला निवड कुठे आहे?’ आकडा येण्याआधीचे हे पाच-सहा आठवडेच असे, की पोरगं मोकळं असतं आणि त्याच्या इच्छेवर अजून कुणी कटऑफ लावलेला नसतो. नेमक्या त्याच आठवड्यांत घरात विषय काढायला बंदी असते.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. काही मुलं या दिवसांत खरोखरच आतून खचतात, आणि अशा वेळी बापाने दाखले काढत हिंडायचं काय? नाही. मूल जेवेनासं झालं, झोप उडाली, मित्रांना टाळू लागलं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी भाषा तोंडी आली, तर तहसील कार्यालय राहू द्यावं, शेजारी बसावं, सरळ विचारावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पण नेमकं हेच ओळखायला आपले बाबा कमी पडतात, कारण दिवसातून पाच वेळा ‘ठीक आहेस ना?’ विचारून त्यांनी ‘ठीक आहे’ या उत्तराची किंमत शून्यावर आणलेली असते. खरंच बिनसलेलं मूल तेच उत्तर देतं आणि रात्री तीनपर्यंत वेब सिरीज बघून सकाळी अकराला उठलेलं मूलही तेच देतं. बाबांना दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. पहिलं गुणी, त्रास न देणारं म्हणून त्यांच्या नजरेतून सुटतं.

आयांचं काय, असंही विचारलं जाईल. आया वाट पाहतातच, पण बहुतेकींचा दिवस दुसऱ्या कामांनी भरलेला असतो, त्यामुळे आधार देण्याचा असा पूर्णवेळ उद्योग त्यांना परवडत नाही. शिवाय कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल कुठे आहे हे घरात त्यांनाच माहीत असतं. काही घरांत पोरंही हुशार निघतात. बाबांचं डोकं दारातून आत आलं आणि तोंड उघडायच्या बेतात आहे असं दिसलं की ती मोबाइलवरून नजर न हटवता विचारतात, “बाबा, नॉन-क्रिमीलेयरचं काय झालं?” बाबा दचकतात. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, फाइल बगलेत मारून ते सेतूच्या रांगेत उभे राहतात. पुढे-मागे त्यांच्यासारखेच दहा-बारा जण असतात, शिफ्टची चर्चा होते, जर्मनीतले सगळे पोरगे एकमेकांना भेटतात. मग खिडकी येते. पलीकडची बाई शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवते आणि विचारते, आईच्या नावात ‘नि’ ऱ्हस्व की दीर्घ? दोन्हीकडे वेगळं आहे. पोराचं पर्सेंटाइल सात घरांपर्यंत काढलेले बाबा बाजूला होऊन बायकोला फोन लावतात, ती भाजी निवडता निवडता सांगते की हे मी पाचवीपासून सांगतेय, आणि बाबा प्रतिज्ञापत्र करून घ्यायला समोरच्या झाडाखालच्या टायपिस्टकडे जातात. तिथेही रांग असते.