ग्राहकदेवाची षोडशोपचार पूजा

प्रभादेवीत सिद्धिविनायकाचे देऊळ १८०१ साली उभे राहिले आणि देवाशी कसे वागावे याचे ज्ञान तेव्हापासून या परिसरात मुरत आले असल्यामुळे, ‘ग्राहक हा देव आहे’ या व्यापारशास्त्रातील आद्य सूत्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने अन्यत्र जाण्याचे कारण नाही.

या सूत्राचे प्रमाणवचन, म्हणजे ज्याच्या आधारावर शास्त्र उभे राहते ते वाक्य, बँका, टपाल कचेऱ्या आणि दुकाने यांच्या भिंतींवर महात्मा गांधींच्या नावाने लावलेले आढळते. ग्राहक आपल्यावर नव्हे, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, असा त्याचा आशय. गांधीजींनी हे उद्गार १८९० साली दक्षिण आफ्रिकेत काढले, असेही सांगितले जाते. त्या वर्षी गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते व दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ साली पोहोचले, तर हेच विचार १९४१ साली अमेरिकेतील स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावे छापून आले, ही माहिती अभ्यासकांना अस्वस्थ करील. व्यापाऱ्यांचे मात्र तिच्यावाचून अडत नाही, कारण फलक वाचण्यासाठी नसून लावण्यासाठी असतो, आणि मोटारविक्रेत्याच्या तसबिरीला हार घालण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

पूजेचे सोळा उपचार, म्हणजे देवाला पाहुणा मानून क्रमाने करावयाची सेवा, ग्राहकाच्या बाबतीत व्यवहाराच्या सोयीने बेतलेले दिसतात. पहिला उपचार आवाहनाचा, व तो निर्दोष असतो: मंगळवारी देवळाच्या वाटेवर भाविकाला ‘या ताई, या दादा, चपला इथंच ठेवा’ अशी जी हाक येते, तिच्यातील आर्जव कोणत्याही पुरोहिताला साधणार नाही. पाद्य म्हणजे पाय धुण्यासाठी दिलेले पाणी. येथे पाणी नसले तरी पायांची काळजी आहे, कारण चपला फुकट सांभाळल्या जातात, फक्त हार-नारळाचे ताट तेथूनच घ्यावे लागते. वस्त्राच्या जागी कापडी पिशवी येते, जिचे पैसे बिलात धरलेले असतात. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर ठेवलेले चॉकलेट हा नैवेद्य, आणि तो देवाने नाकारायचा नसतो. प्रदक्षिणा मात्र देवालाच घालावी लागते: गिरणगावात नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांतील एखाद्या कंपनीला त्याने तक्रारीसाठी फोन केला, तर त्याचा कॉल अत्यंत महत्त्वाचा असल्याचे ध्वनिमुद्रित आवाज सांगतो आणि एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करीत त्याला पुन्हा पहिल्या पायरीशी आणून सोडतो. दक्षिणा तर आधीच, आणि तीही देवाकडूनच, घेतलेली असते. विसर्जन हे उत्तरपूजेचे, म्हणजे समारोपाच्या पूजेचे, अंग. बाजारात त्याचा मंत्र पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

या मंत्राला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अपशकुन केला. सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’, म्हणजे ग्राहकाला नाडणारी रीत, ठरली असून बिल न देणेही त्याच सदरात मोडते. यामुळे शास्त्रात पेच निर्माण झाला आहे, कारण जो पक्के बिल मागतो तो देव कसला?

मुंबईकरांना हा पेच पूर्वीच उमगला असावा. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवू लागली, आणि देवपणापेक्षा चोख वजन व वाजवी भाव यांत अधिक सुख असते असे त्यांना आढळले. व्यापाऱ्यांनीही एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे: सेवेत कसूर झाली म्हणून देव देऊळ बदलत नाही, गिऱ्हाईक दुकान बदलते, आणि जाताना ते सांगतही नाही.

सबब, उभयतांच्या हिताचा मार्ग एकच उरतो. ग्राहकाने आपल्या देवपणाचा राजीनामा लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार नोंदवावी.