लाइट नाही, लायक्रा आहे

अभिनंदन! तुम्ही ह्यूस्टनमध्ये राहता, मान खाली घालून नोकरी करता, कार्बन फ्रेमच्या सायकलचे हप्ते फेडता, आणि आता घरातली लाइटही गेली आहे. हौशी सायकलपटू म्हणून नाव काढायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे सरावाला वर्षातले सहा महिने मोकळे. नमुना म्हणून आपण बेरिल घेऊ. जुलै २०२४च्या सुरुवातीला हे वादळ समुद्रात पाचव्या श्रेणीचं होतं. ८ जुलैच्या पहाटे टेक्ससच्या किनाऱ्यावर माटागोर्डापाशी आलं, तोवर पहिल्या श्रेणीवर उतरलं होतं. तेवढ्यानंही ह्यूस्टन परिसरातल्या २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. पाचव्या श्रेणीचंच आलं असतं तर काय, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. आपला प्रश्न एवढाच, की शनिवारच्या पन्नास मैलांचं काय?

१. वादळाच्या दिवशी घरीच बसा, पण ताठ मानेनं. त्या वर्षी टूर द फ्रान्समध्ये ८ जुलै हा नेमका विश्रांतीचा दिवस होता. तिथल्या पोगाचारसारख्या सायकलपटूलाही शर्यत नव्हती, मग तुम्हाला कोण बोलणार? माळ्यावर पाणी कुठून गळतंय ते बघा, असं बायको म्हणेल. तिला वेळापत्रक दाखवा.

२. पॉवर बँक एकच असते आणि तोंडं चार. तज्ज्ञांचा क्रम असा: आधी वेग मोजणारं गार्मिन, मग इलेक्ट्रॉनिक गिअर, मग फोन, सगळ्यात शेवटी लॅपटॉप. गिअर विकताना दुकानदारानं ‘वायरची कटकट नाही’ असं कौतुक केलं होतं. वीज लागते, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं असणार. लॅपटॉप शेवटी ठेवण्यामागे शास्त्र आहे. ‘बॅटरी संपली’ हे या आठवड्यातलं तुमचं एकमेव खरं कारण आहे, ते पहिल्याच दिवशी उधळू नका. जनरेटर शेजाऱ्याचा असलेला उत्तम. तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांबच ठेवायचा. एवढा एक सल्ला मात्र चेष्टेवारी नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला विनोद कळत नाही.

३. रस्ता आखा. लाइट कुठे आहे हे वीज कंपनीच्या नकाशावरून कळायला हवं होतं, पण तो नकाशा मे महिन्यातल्या वादळापासूनच बंद होता. तेव्हा ह्यूस्टनकरांनी व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्या साखळीचं ॲप उघडलं. नारंगी ठिपका म्हणजे दुकान चालू, अर्थात तिथे वीज आहे. करडा म्हणजे अंधार. तुम्ही नारंगी ठिपके जोडत चला. प्रत्येक ठिपक्याला एसी, बर्फ आणि नशीब असेल तर भिंतीत एखादं सॉकेट. कुणी हटकलंच तर हा ‘पाहणी दौरा’ आहे म्हणा. मंत्री हेलिकॉप्टरमधून करतात, तुम्ही घाम गाळून करताय, म्हणजे नैतिकदृष्ट्या वरचढच.

४. बफेलो बायूच्या काठानं टेरी हर्शी पार्कातून जाणारी पायवाट मोहात पाडेल. पाणी ओसरलं की तिच्यावर बोटभर गाळ राहतो. वरून वाळून भेगाळलेला, आतून साबणासारखा. पुढचं चाक त्यावर चढेपर्यंत सगळं ठीक वाटतं. पुढच्या वळणावर ओक आडवा पडलेला असतो. सायकल खांद्यावर घ्या, फांद्यांतून वाट काढा आणि पलीकडे गेल्यावर गार्मिन थांबवायचं राहिलं म्हणून हळहळा. सरासरी वेग पडला ना? फार वाईट झालं.

वस्त्यांमधून जाल तर छपरांचे खिळे भेटतील. उडालेल्या शिंगल आणि फांद्या लोकांनी कडेला वेगवेगळ्या ढिगांत रचून ठेवलेल्या असतात, खिळे तेवढे मोकळे फिरतात. चपट्या डोक्याचा खिळा टायरमध्ये टिकलीसारखा बसतो आणि दर फेऱ्याला टिक टिक करतो. तो उपटायची घाई करू नका. आवाज येतोय तोवर हवा आहे. सिग्नल बंद असला तर कायद्यानं चारही बाजूंच्या गाड्यांनी आधी थांबायचं. पिकअप ट्रकवाल्यालाही हे ठाऊक आहे, असं गृहीत धरणं हा तुमचा वैयक्तिक निर्णय. चढ? ह्यूस्टनमध्ये चढ म्हणजे उड्डाणपूल. एकच दहा वेळा चढा.

५. आता ऑफिस. सकाळी मेल येईल. पहिल्या परिच्छेदात तुमचं कुटुंब सुखरूप असो. दुसऱ्यात, आज सर्वांनी घरून काम करावं. म्हणजे शहरात जिथे लाइट नाही, नेमकं तिथून. तिसऱ्यात, डेडलाइन आहे तीच आहे. उत्तरात पहिल्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार माना आणि बाकीचे दोन नेटवर्कमुळे उघडले नाहीत असं धरून चाला.

साडेदहाची मीटिंग मात्र चुकवू नका, कारण फ्रान्समध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, टूरचा टप्पा संपायची साधारण वेळ. १० जुलैला ल लिओरानला प्रतिस्पर्धी विंगगोनं पोगाचारला अखेरच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. अशा वेळी माइक बंद आहे ना, हे दोनदा तपासा. कॅमेरा ‘बँडविड्थ’साठी आधीच बंद केलेला असतो, त्यामुळे लायक्रा दिसत नाही. त्याच मीटिंगला रात्री नऊ वाजता पुण्याची टीम बसलेली असते. त्यांची काळजी खरी असते, म्हणूनच ती जास्त लागते. ‘सर, अजून लाइट नाही? आमच्याकडे गुरुवारी जाते, पण संध्याकाळी येते.’ मागून आणखी कुणीतरी: ‘सर, इन्व्हर्टर नाही का बसवला?’ यावर उत्तर नाही. ‘आवाज तुटतोय’ म्हणा.

६. गच्च भरलेला, न उघडलेला फ्रीझर ४८ तास तग धरतो, असं सरकारी सल्ला सांगतो. तुमच्या फ्रीझरमध्ये ओलं खोबरं, मटार आणि सासूबाईंनी जाताना करून ठेवलेल्या पुरणपोळ्या आहेत. पस्तीस अंशांच्या दमट उकाड्यात त्या टाकून देणं पाप. राइडआधी चार खा, त्याला कार्ब लोडिंग म्हणतात. बायकोबरोबर तासभर फांद्या ओढल्यात तर त्याची स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपवर ‘वेट ट्रेनिंग’ म्हणून नोंद करा. तिनं तीन तास ओढल्या असतील, पण तिचं स्ट्राव्हावर खातं नाही.

७. एका रात्री दोन वाजता अचानक एसी घरघरेल आणि गल्लीभर आरोळी उठेल. तुम्ही ओरडू नका. लाइट आल्याचं ऑफिसात सोमवारपर्यंत कुणाला कळता कामा नये. आणि लगेच इनडोअर ट्रेनरवर चढणार असाल, तर ती राइड स्ट्राव्हावर टाकण्याआधी एकदा पाहून घ्या, मॅनेजर तुम्हाला फॉलो करतो का. व्हर्च्युअल राइडला वाय-फाय लागतं, एवढं त्यालाही कळतं.