रेसर आली, रस्ता कुठाय?

पिंपरीत बनलेल्या गाडीला ‘रेसर’ नाव द्यायला छाती लागते. टाटांनी ती दाखवली. जून 2024मध्ये अल्ट्रोझ रेसर बाजारात आली ती 9.49 लाखांपासून 10.99 लाखांपर्यंत. हा अर्थात एक्स-शोरूम भाव. आरटीओ, विमा आणि ‘सर, ॲक्सेसरी पॅक कम्पल्सरी नाही, पण सगळेच घेतात’ हे धरून होणारा आकडा घरी टप्प्याटप्प्यानं सांगायचा असतो.

दिसायला गाडी झकास. केशरी अंग, काळं बॉनेट आणि त्यावरून पार टपापर्यंत गेलेले दोन पांढरे पट्टे. आत सीटांवरही पट्टे, म्हणजे बसल्यावर विसर पडायला नको.

टर्बो इंजिन तीन सिलिंडरचं, 120 पीएसचं, जोडीला सहा गिअर. पण माझी नजर खिळली ती दुसऱ्याच दोन आकड्यांवर. इंजिन 1199 सीसी, लांबी 3990 मिलिमीटर. बाराशेला एक सीसी कमी, चार मीटरला एक सेंटिमीटर कमी! पेट्रोल गाडी या दोन रेघांच्या आत राहिली की सरकारदरबारी ती ‘छोटी’ ठरते आणि कर कमी बसतो. परदेशातल्या रेसर म्हणे विंड टनेलमध्ये घडतात. आपली सीएच्या टेबलावर घडते. यात हसण्यासारखं काही नाही. बंपरला सेंटिमीटरहून जास्त बाक आला असता, तर ‘परवडणारी’ हे विशेषण तिथंच गळून पडलं असतं.

‘काका, एकदा दाबून तर बघा,’ शोरूमचा पोरगा म्हणाला. दाबली. एक्झॉस्ट घुमला, दुसऱ्या गिअरला टर्बो जागा झाला, पाठ सीटला टेकली, आणि तेवढ्यात सर्व्हिस रोडवरचा रंग उडालेला गतिरोधक आला. चाचणी संपन्न. मी टॉर्कबद्दल विचारतोय तोवर बायकोनं डिकी उघडली होती.

‘मॅडम, 345 लिटर,’ पोरगा अदबीनं म्हणाला.

‘लिटर राहू दे. गव्हाचं पोतं आडवं मावेल का?’

त्याच्या माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं.

वेगवान हॅचबॅक आमच्या पुणे जिल्ह्याला नवी नाही. 2015 साली रांजणगावहून फियाटची अबार्थ पुंतो आली होती. 145 अश्वशक्ती, किंमत 9.95 लाख, नाकावर विंचवाचं चिन्ह. चाकणची पोलो जीटी होती. आजही लोक या दोघींबद्दल गहिवरून बोलतात, आणि ज्यांनी कधी घेतल्या नाहीत ते जरा जास्तच गहिवरतात. अबार्थची तोंड भरून तारीफ करायची आणि येताना मायलेज देणारी गाडी बुक करून यायचं, ही आपली मोटारप्रेमाची रीत. रेसरच्या वाट्याला याहून वेगळं काही यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अपेक्षा नाही.

कारण गणित सोपं आहे. शून्यापासून शंभरपर्यंत जायला रेसरला 11.1 सेकंद लागतात, असं कंपनी सांगते. आणि टॉमटॉमच्या 2024च्या वाहतूक निर्देशांकात पुण्याचा नंबर जगात चौथा, मंद वाहतुकीत! दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. म्हणजे ताशी 18 किलोमीटर. एवढ्या वेगाला टर्बो जागा होत नाही, कूसही बदलत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. आर-वन, आर-टू, आर-थ्री या तिन्ही मॉडेलांत इंजिन तेच, ताकद तेवढीच. 2024च्या भावानं दीड लाख जास्त मोजून आर-थ्री घेतली की पुढच्या सीटांमधून गार वारा येतो. वेगाचा शौक असेल आणि गाव पुण्याबाहेर असेल, तर आर-वन घ्या, पैसे वाचवा. पुण्यातच चालवणार असाल, तर मात्र आर-थ्रीच घ्या. इंजिन वापरायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. सीट रोज लागेल.