बारा व्होल्टांचा संसार

मोटारसायकलवरून लेहला जायचं ठरलं की पुण्याच्या माणसाची खरेदी नाना पेठेत सुरू होते आणि तापकीर गल्लीत संपते. नाना पेठेत गाडीच्या गरजा भागतात: क्लच केबल, स्पार्क प्लग, ट्यूब. तापकीर गल्लीत स्वतःच्या. मोबाइलचा चार्जर, तो लावायला हँडलवरचं सॉकेट, सॉकेट भिजू नये म्हणून रबरी टोपण, टोपण हरवलं तर दुसरं टोपण.

अशीच एक चौकडी. एक सिव्हिल इंजिनिअर, एक दाताचा डॉक्टर, एक बँकेतले साहेब आणि चौथा नक्की काय करतो ते त्याच्या सासऱ्यांनाही सांगता येत नाही, पण त्याचा यूट्यूब चॅनेल आहे. चौघांच्या गाड्या हिमालयन ४११. इंजिनिअरच्या हँडलवर मध्ये एक मोबाइल, बाजूला तो बंद पडलाच तर म्हणून दुसरा, हेल्मेटवर गोप्रो, कानाशी इंटरकॉम, पुढे दोन फॉगलाइट आणि मुठींना गरम करणाऱ्या ग्रिप. एवढ्या पसाऱ्यात स्पीडोमीटर दिसत नव्हता. वेग मोबाइलवर कळायचा.

आता या गाडीच्या बॅटरीवर काय लिहिलेलं असतं? १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. गुणाकार केला की ९६ वॅट-अवर. हल्लीच्या मोठ्या मोबाइलला पोटभर व्हायला एकोणीस-वीस वॅट-अवर लागतात, शिवाय वाटेत थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते ती वेगळी. म्हणजे इंजिन बंद ठेवून चार फोन जेवू घातले की गाडी उपाशी. खरं तर त्याच्या बरंच आधीच ती स्टार्टर फिरवायला नकार देते. इंजिन चालू असताना चिंता नसते. अल्टर्नेटर वीज बनवतो, रेग्युलेटर-रेक्टिफायर तिला शिस्त लावून चौदा व्होल्टांच्या आसपास बॅटरीत पाठवतो. पण ही कमाई इंजिनाच्या फेऱ्यांवर असते. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडत असताना ती आटते आणि खर्च मात्र तोच राहतो. त्यात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंदच करता येत नाही. या गाडीच्या हॅलोजन दिव्याचे ५५ वॅट भर दुपारीही जळतात. गरम ग्रिपचे आणखी चाळीसएक, फॉगलाइटचे त्याहून जास्त. मोबाइलचा खर्च त्या मानाने किरकोळ, पण बोल नेहमी त्यालाच लागतो.

टेड सायमन १९७३ मध्ये ट्रायम्फवर जगप्रदक्षिणेला निघाला आणि चार वर्षांनी घरी परतला. त्या चार वर्षांत त्याला ‘लास्ट सीन’ कुणी विचारलं नाही. या चौकडीला मनालीच्या हॉटेलातून निघून अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर पार होईपर्यंत तीन घरांतून विचारणा झाली होती. डॉक्टरच्या घरून झाली नाही याचं कारण पुढे कळलं.

तांदीचा पेट्रोलपंप प्रसिद्ध आहे तो तिथल्या पाटीमुळे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ही पाटी वाचून माणूस टाकी भरतो, वर दोन कॅन भरतो आणि पाटीसोबत फोटो काढतो. चॅनेलवाल्याने तीन वेगवेगळ्या कोनांतून व्हिडिओ काढला आणि गोप्रोची पहिली बॅटरी तिथेच संपवली.

पुढची गंमत अशी की दारच्याला शिंकुलाकडे जाणारा फाटा सोडला की लेहच्या बाजूला रस्ता म्हणावा असा एकच उरतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे नदी, पुढे रस्ता. तरीही चारही हँडलांवर नकाशा पूर्ण उजेडात चालू होता आणि ‘सरळ चालत राहा’ हे सांगण्यासाठी चार बॅटऱ्या झिजत होत्या. बँकेतल्या साहेबांनी तेवढा शहाणपणा केला. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच बजावलं होतं, की दणकट मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते. साहेबांच्या फोनचे हप्ते अजून चालू होते. एका सिलिंडरचं इंजिन कसं थरथरतं ते त्यांनी झिंगझिंगबारपर्यंत पाहिलं, फोन लोकरीच्या मोज्यात घालून खिशात ठेवला आणि पुढचा रस्ता समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारला. सगळ्यांनी एकाच दिशेला हात केला.

डॉक्टरचं सिम प्रीपेड होतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं; हे त्याला तीन महिन्यांत सगळ्यांनी सांगितलं होतं. सिग्नल नसला की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्या शोधातच अर्धा होतो. डॉक्टरने वैतागून मनालीतच फ्लाइट मोड लावला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन ब्याऐंशी टक्क्यांवर होता. बाकी तिघे त्याच्याकडे सावकाराकडे पाहावं तसे पाहत होते.

सरचूला, सुमारे ४,३०० मीटरवर, तंबूत मुक्काम. जनरेटर अंधार पडल्यावर सुरू होतो आणि दहाच्या सुमारास बंद. जेवणाच्या तंबूत बांबूला बांधलेला एक बोर्ड, त्यावर तीन पॉइंट. एकात तंबूवाल्याचा दिवा, दुसरा जळून काळा पडलेला. तिसऱ्यासाठी दिल्लीचे सहा, बंगळुरूचे चार आणि आपले चार. इंजिनिअरने सॅडलबॅगेतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला तेव्हा तंबूत पहिल्यांदा राष्ट्रीय एकात्मता दिसली. ती वीस मिनिटं टिकली.

“अरे, तुझी पिन काढ, माझा सातवर आलाय.”

“माझा बासष्ट आहे, पण कॅमेरा शून्य आहे.”

“बासष्टवाल्यांनी बोलूच नये!”

शेवटी बँकेतल्या साहेबांनी वहीत तक्ता आखून प्रत्येकाला पंधरा मिनिटं मंजूर केली. शेवटचे पाच जण पावणेदहाला रांगेत असताना जनरेटर घसा खाकरून गप्प झाला.

रात्री तापमान शून्याखाली जातं. लिथियमच्या बॅटरीला थंडीत जोर राहत नाही आणि शून्याखाली ती चार्ज करू नये, हे डॉक्टरने अंधारात समजावून सांगितलं. त्यामुळे सगळ्यांनी पॉवर बँका स्लीपिंग बॅगेत घेतल्या. कूस बदलली की कुठे तरी बटण दाबलं जाई आणि रजईच्या आतून निळे ठिपके लागत. इंजिनिअरला मात्र ही कसरत मान्य नव्हती. त्याने गाडीच्या सॉकेटमधून लांब केबल तंबूच्या फटीतून आत घेतली. दोन फोन, इंटरकॉम, पॉवर बँक. सॉकेट त्याने थेट बॅटरीला जोडलं होतं. चावी काढली की पुरवठा तोडणारा रिले असतो. तो त्याला फालतू खर्च वाटला होता.

सकाळी सगळ्यांत भरलेला फोन त्याचा होता. गाडीने मात्र ‘टक’ असा एकच आवाज केला.

या गाडीला किक नसते. मग धक्का. सरचूला समुद्रसपाटीच्या साठेक टक्के प्राणवायू मिळतो आणि गाडीचं वजन तेवढंच राहतं. दहा पावलांनंतर चौघे चार दिशांना वाकून गुडघे धरून उभे. तिसऱ्या धक्क्यानंतर चॅनेलवाला म्हणाला, की तो शूटिंग करतो. तशीही गाडी फ्युएल इंजेक्शनची. पेट्रोल ढकलणाऱ्या पंपालाच वीज नसेल तर ढकलणाऱ्या माणसांचा उपयोग मर्यादित.

तेवढ्यात एका ट्रकचा सरदारजी चहा घेऊन आला. डॉक्टर जंपर केबल घेऊन ट्रकच्या बॅटरीकडे धावला. ट्रकला १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते सगळे मोटारसायकलमध्ये ओतले असते तर गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स तिथेच वारलं असतं. सरदारजीने डॉक्टरच्या हातून केबल काढून घेतली, दोनपैकी एकाच बॅटरीला लावली आणि चहाचा कप न ठेवता गाडी सुरू करून दिली. मग तंबूत गेलेली केबल पाहून त्याने विचारलं, “इंजीनियर कौन है?” कुणीही हात वर केला नाही.

गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकीला, लाचुंगला, पांग. पांगच्या पुढे मोरेचं पठार लागतं आणि चार्जिंगच्या दृष्टीने सगळ्या वाटेत तेच काय ते सुख: चाळीसेक किलोमीटर सपाट, इंजिनाच्या फेऱ्या स्थिर, दिवा जळूनही बॅटरीत भर पडते. पॉवर बँक टँकबॅगेत गाडीवर भरायची आणि रात्री फोन तिच्यावर लावायचे, एवढी साधी व्यवस्था पुरते. पठार संपताना सगळे शंभर टक्के झाले. तंगलंगलाच्या ५,३२८ मीटरवर पोचल्यावर सगळ्यांनी मिळून इतके फोटो काढले की उपशीला पुन्हा ठणठणगोपाळ.

लेहच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिनिअरच्या गाडीची सीट उचलली आणि काही न बोलता आतला वायरींचा गुंता बाहेर काढून फरशीवर ठेवला. एक रिले, एक फ्यूज, एक जाडशी वायर. पाऊण तास. फॉगलाइटला वेगळं बटण दिलं आणि दिवसा लावू नका म्हणून सांगितलं. इंजिनिअरने पैसे दिले, दोनदा आभार मानले, हेल्मेट घातलं, परत काढलं.

“भैया, सीट गरम करनेवाला आता है ना, वो इसी फ्यूजपे चलेगा क्या?”