सरकती रेघ

नागपुरात प्लॉट घेणारा पाण्याची चौकशी नंतर करतो, आधी विचारतो, "आरएल आहे का?" आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. ते देणारा नागपूर सुधार प्रन्यास हे १९३६ च्या कायद्याचं अपत्य. शहर आखून मग वसवावं, यासाठी जन्मलेली ही संस्था आता न आखता वसलेल्या शहराचे दाखले काढते. '५७२' आणि '१९००' हे अनधिकृत ले-आउटचे आकडे तर इथे लोकांना पाढ्यांसारखे पाठ आहेत.

परवानगीशिवाय पाडलेले जमिनीचे तुकडे नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं माफीची रेघ ओढली : १ जानेवारी २००१. पुढचे तुकडे बेकायदा. अगदी ठाम!

२०२१ मध्ये रेघ ३१ डिसेंबर २०२० वर सरकली.

दंड आणि विकास शुल्क भरावं लागतं, हे खरं. पण आधी नकाशा मंजूर करून घेऊन मग घर बांधणारा नागपूरकर उगाचच घाईला आला, एवढं नक्की.