आवाज काय येतो?

आमची पिकअप मृगाला झोपते आणि गणपतीला उठते. शेवटच्या आंब्याच्या पेट्या वाशीला रवाना झाल्या की तिला काम उरत नाही. मग तीन महिने ती मांगराच्या पडवीत उभी असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा ती उभ्या उभ्या ऐकते. यंदा हरितालिकेच्या आदल्या दिवशी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची होती. पाट महिन्यापूर्वीच देऊन ठेवला होता. मी चावी फिरवली. गाडी उठली नाही.

मेस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं, "काहीच होत नाही रे."

"गुरुजी, काहीच होत नाही असं नसतं. आवाज काय येतो?"

मी ३२ वर्षं मराठी शिकवलं. अभ्यस्त शब्दांचे प्रकार, त्यातले अनुकरणवाचक शब्द, त्यांची उदाहरणं, सगळं फळ्यावर लिहून दिलं. हा मेस्त्री तेव्हा तिसऱ्या बाकावर बसायचा आणि खळखळ, सळसळच्या पुढे त्याची गाडी जायची नाही. आता तो मला विचारत होता आणि माझ्याकडे शब्द नव्हता. मी अंगणात बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि फोनमध्ये जमेल तसा आवाज काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सौभाग्यवती बघत होत्या, हे नंतर कळलं.

"एकदाच कट्, की कटकटकट?"

या दोन्हींत केवढा फरक आहे म्हणून सांगू! एकदाच जोरात कट् झालं तर स्टार्टर तरी अडकलाय, नाहीतर त्याच्यापर्यंत करंट धड पोचत नाही. कटकटकट झालं तर बॅटरी उतरलीय. तिच्यात स्टार्टरचा सोलेनॉइड खेचण्यापुरता जीव असतो. तो खेचला गेला की पुढचा भार येतो, बॅटरी मान टाकते, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की बॅटरी पुन्हा मान वर काढते, पुन्हा खेचते, पुन्हा टाकते. आणि घ्यांऽव घ्यांऽव असं रडत इंजिन फिरलं तर थोडी आशा आहे. एवढं बारकाईचं वर्गीकरण मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणातही मला आढळलं नाही.

आमचं कटकटकट होतं.

तासाभराने मेस्त्री मीटर घेऊन आला. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरलेली असली तर साधारण १२.६ दाखवते. आमची ११.४ वर होती, म्हणजे जवळजवळ रिकामी. तीन महिन्यांत ती थोडी आपणहून उतरली, आणि थोडी पुतण्याने बसवलेल्या टेपने प्यायली. टेप बंद असला तरी त्याचं घड्याळ चालूच राहतं. कुणी नसताना मांगरात तीन महिने वेळ दाखवत होतं बिचारं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. मेस्त्रीने त्यावर चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी ओतलं. (पातेलं नंतर घरात परत घेतलं गेलं नाही.)

मग शेजारच्या टेम्पोची बॅटरी जोडली. लाल तार लालला. काळी मात्र आमच्या बॅटरीला न लावता त्याने इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याच्याजवळ ठिणगी नको. चावी फिरवली. खुर्रखुर्रखुर्र! काय तो जोर! पण पकडेना.

तोवर अंगणात सात-आठ जण जमले होते. "धक्का मारूया," हा ठराव एकमताने पास झाला. आमच्या लहानपणी वडिलांच्या जीपला हँडल मारावं लागायचं. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडल उलटं फिरलं तर मोडतो, हे वडिलांनी आम्हाला मुंजीच्या आधी शिकवलं होतं. मी ते सांगायला लागलो, पण ऐकायला कोणी नव्हतं. सगळे बाह्या सरसावून मागच्या फाळक्याकडे गेले होते.

मेस्त्रीने थांबवलं. "हा 'खुर्रखुर्र' रिकामा आहे, गुरुजी. डिझेल पोचत नाही."

रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं त्यात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या नुसत्या धगीने तेल पेटावं. पण त्यासाठी तेल तिथवर यायला हवं. पाइपात हवा शिरली की पंप हवाच दाबत बसतो. मेस्त्रीने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागला. फस्स, फस्स, बुडबुड, बुडबुड, आणि मग नुसती चुळूक. हा शेवटचा आवाज त्याने मला मुद्दाम जवळ बोलावून ऐकवला.

हवा शिरली कुठून, तर टाकीकडून येणारा रबरी पाइप कुरतडलेला होता.

"उंदीर," मेस्त्री म्हणाला.

"म्हणजे आणायचंय त्यांचंच वाहन," सौभाग्यवती म्हणाल्या आणि आत गेल्या.

वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा. चावी. काळ्या धुराचा एक लोट, आणि गाडी धडधडायला लागली. मी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. मागची चाकं गच्च. हँडब्रेक मीच जूनमध्ये ओढून ठेवला होता आणि ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटले होते. मेस्त्रीने हातोड्याने ड्रमवर चार ठोके घातले, तसा टण्णकन आवाज झाला आणि गाडी फूटभर पुढे उडी मारून थांबली.

"हा कुठला?" मी विचारलं.

"हा तुमचा," तो म्हणाला.

मूर्ती दिवेलागणीला घरी आली. तुमची गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा, आणि बॅटरीची काळी तार काढून ठेवा. आमच्या गाडीला त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. तो चतुर्थीपासून सापडत नाहीये.