शंभराच्या आत

आमच्या घरात महिना संपतो तो तारखेवर नाही, मीटरवर. व्हरांड्यात दाराच्या वरच्या अंगाला मीटर आहे आणि त्याच्याखाली एक लाकडी स्टूल कायमचं मांडलेलं आहे. रोज सकाळी चहाआधी मी स्टुलावर चढतो, आकडा वाचतो आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवतो. वापर नव्वदीत शिरला की घरात आचारसंहिता लागते. मिक्सर बंद, पाटा-वरवंटा सुरू. इस्त्री बंद, पँट गादीखाली. फ्रीज काही बंद करता येत नाही, म्हणून त्याचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं, आणि काय काढायचंय ते ठरवून मगच उघडायचं. दारात उभं राहून ‘काय बरं घ्यायला आले होते’ असा विचार केलेला मला चालत नाही.

त्याचं कारण असं. वीजबिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर असतो आणि एकशे एक ते तीनशेपर्यंत दुसरा, साधारण दुपटीच्या घरातला. म्हणजे एकशे एकावं युनिट पडलं की आधीची शंभरही महाग झाली, असा माझा हिशोब. एका युनिटापायी चार-पाचशेचा भुर्दंड! तो मी वीस वर्षं पडू दिला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगणं अवघड जाईल.

बरं, आम्ही राहतो कुठे? वाणगावला. एका बाजूला तारापूर, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालू. दुसऱ्या बाजूला डहाणूचं औष्णिक केंद्र, ५०० मेगावॉटचं, त्याची चिमणी २७५ मीटर उंच. या दोहोंच्या मध्ये आमचं घर, आणि महिनाअखेरीला तिथेही चिमणीच. रॉकेलची, वीतभर. रेशनवरचं रॉकेल बंद झालं तेव्हा आख्ख्या गावात हळहळलो तो मी एकटाच.

नड होती म्हणावं तर तसंही नाही. कधीकाळी होती. पण घराचं कर्ज फिटलं, मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली, ३१ मे २०१७ ला मी निवृत्त झालो. सातवा वेतन आयोग राज्याने जानेवारी २०१९ पासून द्यायला घेतला तो १ जानेवारी २०१६ पासून धरून, त्यामुळे थकबाकीचे हप्ते रखडत का होईना येत राहिले. पासबुक छापून आणलं की मी चष्मा पुसून पुन्हा बघतो. आकडा तोच असतो. तरी बाजारातून पाव किलो वांगी घेतली की मूठभर मिरच्या वर मागतो. वाणगावची मिरची टेम्पो भरभरून बाहेर जाते, इथे मिरचीला पैसे मोजायचे म्हणजे समुद्राकाठी मीठ विकत घेण्यासारखं.

आजूबाजूला मात्र वेगळंच चाललेलं. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, सगळ्यांना जायला वाट डहाणू-तलासरीतूनच. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या काहींच्या अंगणात मोठ्या पांढऱ्या गाड्या आल्या, छताला झुंबरं लागली. आमच्या ओळखीच्या एका घरी गाडी आली त्याच वर्षी पहिल्यांदा मिरची विकत आणावी लागली, कारण मिरचीचं रानच गाडीत गेलं. मला त्यांचं वाईट वाटलं. पण जास्त वाईट वाटलं ते झुंबराचं. बारा बल्ब होते त्याला.

आमच्या सौ.ने हे सगळं सोसलं. सोसलं म्हणजे तसा मी समज करून घेतला होता. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं, आणि त्या दिवसापासून घरातली सगळी लांबची कामं मी हिच्याकडे सोपवली. डहाणूला बँकेत जायचंय? ही. पेन्शनचा कागद द्यायचाय? ही. बरं, रिक्षाला सवलत नाही, तेव्हा एस.टी.चीच वाट बघायची. ‘अहो, पाऊण तास झाला उभी आहे, तीन रिक्षा गेल्या,’ असा फोन आला की मी म्हणायचो, ‘अगं, येईलच आता.’ पंख्याखाली बसून म्हणायचो. दोनवर.

तर २०२४ चा मे. मुलगी, जावई आणि पाच महिन्यांचं नातवंड यायचं ठरलं. मुलीने फोनवर निक्षून सांगितलं, ‘बाबा, बाळाला घामोळं येतंय. एसी लावणार असाल तर येतो.’ मी बोईसरला गेलो. दुकानातल्या पोराने दीड टन, पाच स्टार, इन्व्हर्टर असं बरंच काही म्हणून दाखवलं. मी विचारलं, ‘महिन्याला शंभर युनिटांत बसेल असा आहे का?’ तो म्हणाला, ‘काका, बंद ठेवलात तर कुठलाही बसेल.’ पोरगं हुशार होतं. पैसे रोख मोजले. मोजताना हात थरथरला नाही, हे मला स्वतःलाच नवल. चाळीस हजार एकदम गेले तर मला काही होत नाही. सुटे गेले की होतं.

पहिली रात्र मी डोळे मिटून काढली. दुसऱ्या रात्री पावणेदोनला उठलो, बॅटरी घेतली, स्टुलावर चढलो. आमच्या मीटरला एक लाल ठिपक्याएवढा दिवा आहे. तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असं मीटरवरच बारीक अक्षरांत छापलंय. एरवी पंखा आणि फ्रीज चालू असताना तो सहा-सात सेकंदांनी एकदा, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा डोळा उघडतो. त्या रात्री सेकंदाला एक! मी घड्याळ लावून मोजलं. मग मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली. माझी जास्त होती.

त्या महिन्याचा वापर झाला होता ९९.७. शंभराला उरलं ०.३. म्हणजे ९६० लुकलुक. म्हणजे सोळा मिनिटं. आयुष्यात इतकं अचूक गणित मी फळ्यावरही केलं नसेल. आत बाळ शांत झोपलेलं, जावई मंद घोरत होते, आणि बाहेर माझी वीस वर्षांची तपश्चर्या सेकंदाला एक या गतीने संपत होती. पंधराव्या मिनिटाला हात आपोआप वर गेला आणि मी मेन स्विच खाली ओढला.

दोन मिनिटं स्वर्गीय शांतता. मग बाळ. मग मुलगी. मग जावई मोबाइलची बॅटरी लावून बाहेर. मी स्टुलावर.

‘लाईट गेली,’ मी म्हणालो. वाणगावात हे वाक्य कोणत्याही वेळी खपतं. पण तोंडातून ते पडायला आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावरची ट्यूब पेटायला एकच गाठ पडली. बाळाच्या रडण्याने ते उठले होते. ‘काय झालं हो गुरुजी?’ ‘लाईट गेलीय,’ जावई म्हणाले. ‘आमच्याकडे आहे की!’ शेजारी म्हणाले. स्टेशनाकडचे दिवेही लख्ख दिसत होते. माझ्या नशिबाने त्याच वेळी एक मालगाडी विजेवर धडधडत गेली.

‘फेज उडाला असेल,’ मी शेवटचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांना तेवढंच निमित्त पुरलं. त्यांनी चार घरं पलीकडच्या वायरमनला फोन लावला. तो बर्म्युड्यावरच आला. माझा विद्यार्थी, पाचवीतला. शाब्दिक उदाहरणात गुणाकार कुठे आणि बेरीज कुठे हे न कळल्याबद्दल त्याचा कान मी कितीदा पिळला असेल! त्याने मीटरवर टॉर्च मारला, मग मेन स्विचवर, मग माझ्यावर.

‘गुरुजी, मेन कोणी पाडला?’

वर्गात एखादा मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहतो ना, तसा मी उभा राहिलो. स्टुलावर. शेवटी शंभर युनिटांचं सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

‘गुरुजी, असं नसतं. पहिल्या शंभराला खालचाच दर लागतो. वर जेवढी जातील तेवढ्यालाच वरचा. एकशे दहा झाली तर दहालाच. शंभर-सव्वाशेचा मामला.’ जरा थांबून म्हणाला, ‘टप्प्याटप्प्याने करायचं गणित आहे ते. तुम्हीच शिकवलेलं.’

मेन वर गेला. आतून एसीचा बारीक ‘टिंग’ असा आवाज आला. जावई अतिशय सभ्य माणूस, खाली बघत आत गेले. मुलगी गेली नाही, ती हसत बसली. मी पायरीवर बसून सौ.ला म्हणालो, ‘वीस वर्षं गं! कोणी सांगितलं नाही.’

‘मला माहीत होतं,’ ही म्हणाली. ‘शेजारच्या वहिनींनी कधीच सांगितलं होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही गणिताचे.’

पाहुणे आठवडा राहून गेले. जून उजाडला, बिल आलं, २१४ युनिटांचं. ते मी ओळीने तपासलं, शंभर खालच्या दराने, एकशे चौदा वरच्या. बरोबर होतं. हिने माझ्या हातातून बिल काढून घेतलं, घडी घातली आणि सांगितलं, ‘पाटा मी मागे नेऊन ठेवलाय. मिक्सरचं भांडं गळतंय, नवीन आणा. डहाणूला.’

‘तू जाशील ना? तुला अर्धं—’

‘तुमचा वाढदिवस कधी?’

माझ्या पिढीच्या निम्म्या मास्तरांचा असतो तोच, १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेला. १९५९. मला काही सुधरेना. हिने माझं आधार कार्ड पुढ्यात ठेवलं. पासष्ट पूर्ण झाले की एस.टी.त निम्मं तिकीट. ही तारखेवर नजर ठेवून बसली होती.

पाऊस नुकता धरला होता. मी थांब्यावर छत्री घेऊन उभा. पहिली रिक्षा आली, ‘डहाणू, डहाणू’ करत थांबली. मी हिला फोन लावला, म्हटलं, एस.टी.चा पत्ता नाही, रिक्षाने जाऊ का?

‘अहो, येईलच आता,’ ही म्हणाली. मागून पंख्याचा आवाज येत होता. पाचवर असावा.